एका बटणाचे दोन धनी

मित्रांनो, मी एक जुना कीबोर्ड आहे आणि खरं सांगायचं तर आता दमलो आहे. कुपवाडच्या एका कारखान्यात लोखंड कापणाऱ्या मशीनला मला जोडलं आहे. तिथे माउस नाही, चित्रं नाहीत. काळ्या पडद्यावर पांढरी अक्षरं, आणि मशीनला जे सांगायचं ते माझ्या बटणांनी.

नवा होतो तेव्हा माझं भारी कौतुक झालं. खंडेनवमीला मशीनबरोबर मलाही हळदकुंकू लागलं. पुढे तेल, चहा, लोखंडाचा चुरा, सगळं अंगावर घेतलं. त्याची तक्रार नाही. माझा जीव खाल्ला तो कोपऱ्यातल्या एस्केप बटणाने.

सकाळच्या पाळीचे नानासो जुने कारागीर. एस्केप दाबलं की केलेला बदल जतन व्हावा, ही त्यांची सवय. दुपारच्या पाळीची संयोगिता पलूसहून येते. तिच्या मते एस्केप म्हणजे केलेलं रद्द. दोघांचंही खरं, पण बटण एकच! काकांना तोंडावर सांगणं तिला अवघड वाटे, आणि पोरीला बोलणं त्यांच्या जिवावर येई. मग दोघंही गुपचूप सॉफ्टवेअरवाल्या पप्पूला फोन करत. पप्पू कुणालाच नाही म्हणत नसे. ज्याचा फोन, त्याचा नियम. बटण मनासारखं वागलं नाही की बुक्की मात्र मला.

एकदा नानासोंची पाळी संपत आली होती. त्यांनी कापाची खोली कमी केली, एस्केप दाबलं आणि मशीन सुरू केलं. दिवसातला तो पहिलाच बदल. नियम आदल्या संध्याकाळीच फिरला होता, त्यामुळे आकडा जुनाच राहिला. पातं खाडकन मोडलं आणि तुकडा नानासोंच्या भुवईला चिरून गेला. मी फार घाबरलो.

नुकतीच आलेली संयोगिता धावली. तिने ओढणी जखमेवर दाबून धरली.

“काका, मीच काल पप्पूदादाला बदलायला सांगितलं हुतं,” ती रडत म्हणाली.

“आगं, मी बी लय येळा सांगितलंय त्याला. तुला कवा म्हनलोच न्हाई. रडू नगं, डोळा वाचला.”

आता एस्केप दाबलं की पडद्यावर प्रश्न येतो: ठेवायचं की टाकायचं? एवढ्याशा गोष्टीसाठी नानासोंच्या भुवईवर कायमचा व्रण राहिला.

मित्रांनो, मला पुसा, झाका, असं मी म्हणणार नाही. धुळीने मी मरत नाही. पण एका वस्तूवर दोघांचे हात असतील, तर एकमेकांशी बोला. माझ्या अंगावर शंभरेक बटणं आहेत, पण तुमच्या मनातलं दुसऱ्याला कळवणारं त्यात एकही नाही.