उभं राहून काढलेला फोटो

माझ्या सासूबाई नाटकातल्या नटी होत्या, आणि तेच त्यांच्या गुडघ्याच्या मुळावर आलं. कारण त्या कण्हल्या की घरात कुणाला खरं वाटायचं नाही. जिन्यात कठडा धरून थांबल्या की सासरे पेपराआडून विचारायचे, "झाला का दुसरा अंक सुरू?" माझा नवराही हसायचा.

त्यात एका दवाखान्यात काढलेला एक्स-रे सासऱ्यांच्या हाती लागला होता. गुडघ्याची झीज पहिल्या पायरीची, वयोमानाप्रमाणे, असं त्याच्या रिपोर्टात लिहिलेलं. तो त्यांनी फ्रीजवर चुंबकाने लावून ठेवला होता. सासूबाईंनी हळूहळू तक्रार करणं सोडलं आणि नाटकात कामं घेणंही. त्यांच्या नाट्यसंस्थेच्या प्रयोगांना जायच्या, पण विंगेत खुर्ची टाकून इतरांना वाक्यं पुरवायला.

मी लग्न होऊन या घरात आले तेव्हा रेडिओलॉजिस्ट म्हणून नुकतीच नोकरीला लागले होते. एकदा दुपारी मी लवकर घरी आले. घरात आपण एकट्याच आहोत असं समजून सासूबाई जिना उतरत होत्या. उलट्या! कठड्याला दोन्ही हातांनी धरून, पाठमोऱ्या, आधी एक पाय खाली, मग दुसरा ओढून त्याच्याशेजारी. तोंडातून आवाज नाही. मी दारातच थबकले. समोर प्रेक्षक नसताना कुठली नटी नाटक करते?

त्या खाली पोचेपर्यंत मी हलले नाही. मग विचारलं, "आई, तो एक्स-रे काढताना तुम्ही उभ्या होतात का?"

त्या दचकल्या. "उभी कशाला? टेबलावर झोपवलं होतं. पाच मिनिटं बरं वाटलं तेवढंच."

दुसऱ्या दिवशी मी त्यांना माझ्या विभागात नेलं. झोपलेल्या माणसाच्या गुडघ्यावर अंगाचा भार नसतो, त्यामुळे दोन हाडांमधली फट ऐसपैस दिसू शकते. खरी फट दिसते भार पडल्यावर. आमच्या टेक्निशियन ताईंनी त्यांना प्लेटसमोर उभं केलं, दोन्ही पायांवर सारखा भार द्यायला लावला. सासूबाईंनी सवयीने मान वळवून हनुवटी उचलली.

"मावशी, चेहरा येणार नाहीये," ताई म्हणाल्या.

"मग आधी सांगायचं. उगाच केस विंचरून आले."

फोटो पडद्यावर आला. उजव्या गुडघ्याच्या आतल्या बाजूला फट नव्हतीच. हाडावर हाड टेकलेलं, कडेला वाढलेली टोकं, टेकल्या जागी हाड घासून पांढरंफटक. शून्यापासून चारपर्यंतच्या मोजपट्टीवर मी मनात चार म्हटलं. पण नात्यातलं माणूस असलं की नजर भुलते, म्हणून नाव झाकून तो फोटो आमच्या सरांना दाखवला. त्यांनी चष्मा कपाळावर चढवला, पडद्याजवळ गेले.

"चौथी पायरी. ही बाई चालते कशी?"

सासूबाई मागेच बाकावर बसल्या होत्या. त्यांनी ते ऐकलं. त्या रडल्या, पण अगदी वेगळं रडल्या. हात ओठांवर दाबून, काही दिसू नये असं. मग मला म्हणाल्या, "आणि पहिलीच पायरी निघाली असती तर? मग मी खोटारडीच ना?"

"नाही आई," मी म्हटलं. "फोटोत हाडं दिसतात, दुखणं दिसत नाही. पहिल्या पायरीवर जेरीला आलेली माणसं मी पाहिलीत. तुमचं खरंच होतं, चार आकडा नसता तरी."

संध्याकाळी सासूबाईंनी जेवणाच्या टेबलावर दोन्ही फिल्म शेजारी शेजारी ठेवल्या. मी फट कुठे असायला हवी ते बोटाने दाखवलं. सासरे बराच वेळ वाकून पाहत राहिले. मग उठले, फ्रीजवरचा रिपोर्ट काढला आणि चुरगाळून टाकला. "मी गाढव आहे," म्हणाले.

"हे मला आधीपासून माहीत होतं," सासूबाई म्हणाल्या. "पण ऐकायला बरं वाटतंय."

गुडघा बदलला. पुढचे काही आठवडे सोपे नव्हते, व्यायामाच्या वेळी त्या इतक्या मोठ्याने ओरडायच्या की शेजारी चौकशीला यायचे, आणि सासरे दार उघडून ठणकावून सांगायचे, "खरंच दुखतंय तिला!" स्वतःही बाजूच्या सतरंजीवर पडून पाय उचलायचे आणि त्यांच्याआधी दमायचे.

वर्ष सरता सरता त्या संस्थेच्या दिग्दर्शकासमोर जाऊन उभ्या राहिल्या. नव्या नाटकात एका वकीलबाईंची भूमिका होती, सगळा वेळ रंगमंचभर फिरत उलटतपासणी घेणारी. "ती माझी," त्या म्हणाल्या. विचारलं नाही, सांगितलं.

स्पर्धेत त्या नाटकाला पहिलं बक्षीस मिळालं आणि अभिनयाचं त्यांना. नाव पुकारलं तेव्हा माझ्या नवऱ्याने अशी शिट्टी मारली की पुढच्या रांगा वळून पाहायला लागल्या. मी आणि टेक्निशियन ताई हात लाल होईपर्यंत टाळ्या वाजवत होतो.

बाहेर आल्यावर नवरा गाडी काढायला निघाला. सासूबाईंनी त्याला अडवलं. "गाडी तू घेऊन ये. मी चालत जाणार."

त्या निघाल्यासुद्धा. चेहऱ्यावर अजून रंग, काखेत ढाल, झपाझप पावलं, आणि रस्त्यातल्या अनोळखी माणसांनाही बक्षीस दाखवणं चालू. सासरे मागून धापा टाकत ओरडत होते, "अगं, जरा हळू!"

त्यांनी मागे वळूनही पाहिलं नाही.