मास्तरांचा चोर

इंग्रजीचे मास्तर घरीच शिकवणी घ्यायचे. कर्तरीचं कर्मणी करायचं म्हटलं की त्यांचं उदाहरण ठरलेलं: पोलिसांनी चोराला पकडलं, चोर पोलिसांकडून पकडला गेला. मग तोच बिचारा पकडला जात आहे, पकडला गेला आहे, पकडला जाईल. सगळे काळ संपेपर्यंत त्याची सुटका नसे. मुलं पांगली की मात्र त्या घरात घड्याळाशिवाय कुणी बोलत नसे.

एका संध्याकाळी दार वाजलं. बाहेर टोपी चुरगाळत साक्षात चोर उभा!

"मास्तर, पुरे झालं आता. मी चोरलं तरी काय, ते एकदा तरी सांगितलंत का?"

"नाही बुवा," मास्तर ओशाळले. "आत तर या. चहा टाकतो."

त्यांनी दुसऱ्या खुर्चीवरची वह्यांची चवड उतरवली, दुसरा कप शोधून धुतला. चोराने पोलिसांच्या तक्रारी केल्या, मास्तरांनी गुडघ्यांच्या. दोघं पोट धरून हसले.

निघताना चोर म्हणाला, "उद्यापासून मला सोडा. मग तुम्हाला त्रास द्यायला पुन्हा येणार नाही, शब्द देतो."

मास्तरांचा चेहरा उतरला. "सोडतो," ते पुटपुटले.

दुसऱ्या दिवशी ते खडू घेऊन फळ्यापुढे बराच वेळ उभे राहिले. मग त्यांनी चोराला एकूण एक काळात पुन्हा पकडवलं. आणि संध्याकाळी दोन कप विसळून, दाराची कडी काढून, तो भांडायला येण्याची वाट बघत बसले.