थोपटलं की सोडायचं

आमच्या अंजूरच्या तालमीत एक डाव शिकवतात. समोरच्याच्या मागे जायचं, उजवा हात त्याच्या गळ्याभोवती टाकायचा, कोपर हनुवटीखाली आणायचं आणि डाव्या हाताने आपलंच मनगट धरून आवळायचं. या डावाला 'कासरा' म्हणतात. कसाही मारका बैल कासऱ्यापुढे वळतो, तर माणसाची काय कथा, असं माझे चुलतसासरे सावळारामकाका सांगायचे. तालमीचे वस्ताद तेच. वज्रेश्वरीच्या जत्रेत त्यांनी एका गुंडाला या डावाने लोळवलं होतं. मी लग्न होऊन आले तेव्हा काकांच्या गोष्टीतला तो गुंड काकांच्याच उंचीचा होता. शहात्तर साल उजाडेपर्यंत तो दारातून आत येईना, इतका वाढला.

तालमीचा नियम मात्र कडक. ज्याचा गळा धरलाय त्याने हातावर थोपटलं की सोडायचं. तिथल्या तिथे. जो सोडणार नाही त्याच्या पोटरीवर काकांची निरगुडीची छडी बसायची. माझा नवरा बाळाराम लहानपणी ती छडी खाऊन खाऊन शहाणा झाला होता. पुढे तर असा तयार झाला की थोपटल्याचा आवाज यायच्या आत त्याचे हात उघडायचे. काका कौतुकाने सगळ्यांना दाखवायचे, शिष्य असावा तर असा.

बाळाराम भिवंडीत लूमवर होता. रात्रीची शिफ्ट करून सकाळी सायकलवरून घरी यायचा. सायकल नवी होती, माझ्या भावाने दिलेली. श्रावणातल्या एका सकाळी खाडीच्या वळणावर एकाने त्याला अडवलं आणि सायकल ओढायला लागला. बाळारामने मागून जाऊन कासरा घातला. घातला तोही अगदी शिकवल्यासारखा. त्या माणसाचे गुडघे वाकले. डाव खोटा नव्हता, हे मी आजही म्हणेन. मग त्या माणसाने बाळारामच्या हातावर दोनदा थोपटलं. जीव घाबरला म्हणून थोपटलं की मुद्दाम, देव जाणे. बाळारामचे हात उघडले.

तो माणूस वळला आणि त्याने बाळारामच्या उजव्या काखेत सुरा घातला. सायकल तर गेलीच. जीव वाचला, पण आतली शीर तुटली म्हणून हात कायमचा गेला. खांद्यावरून नुसता लोंबतो. लूमवर तुटलेला धागा जोडायला दोन हात लागतात, त्यामुळे ड्युटीही गेली.

एवढं झालं त्याचं मला इतकं वाईट वाटलं नाही, जितकं त्यानंतरच्या बोलण्याचं वाटलं. काका दर दोन-चार दिवसांनी अंडी घेऊन यायचे, ओट्यावर बसायचे आणि येणाऱ्याजाणाऱ्याला सांगायचे, "डावात खोट न्हाय. पोराची पकड ढिली पडली." मग गावही तेच म्हणायला लागलं. आणि आमचा हा खुळा, काका गेले की डावा हात घराच्या खांबाभोवती टाकून आवळत बसायचा. चुकलं कुठे, ते शोधायचा. जेवण समोर गार व्हायचं. मला एकच हवं होतं. काकांनी एकदा, फक्त एकदा, त्याच्या तोंडावर म्हणावं की पोरा, मी शिकवलं तसंच तू केलंस, माझं शिकवणं चुकलं.

एका दुपारी मी ओट्यावर कोयत्याने झावळ्या तोडत होते. बाळाराम खांबाला टेकून बसला होता. काका आले, अंडी ठेवली, ओट्यावर टेकले आणि सुरू झाले.

"थोपटलं म्हनून सोडायचा? रस्ता म्हंजे काय तालीम हाय?"

"काका," मी डोक्यावरचा पदर सावरत विचारलं, "रस्त्यावर सोडायचा न्हाय, हे तुमी कवा शिकवलंत?"

"ते काय शिकवायला पायजे? मानसाला अक्कल नको?"

"चूक माझीच हाय, काका," बाळाराम खाली बघत म्हणाला.

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. मी कोयता ओट्यावर ठेवला आणि उठले.

"काका, मना दाखवा तरी. घट्ट म्हंजे कसा धरायचा?"

काका हसले. मान ताठ करून म्हणाले, "ये मागून. आवळ. बायकांच्या हाताने काय व्हनार हाय?"

सासऱ्याच्या अंगाला सुनेने हात लावायचा नसतो, हे मला कोणी शिकवायला नको होतं. मी पदर खोचला आणि हात टाकला. धान कांडून, भारे वाहून माझे हात काय मऊ राहिले होते? "कोपर खाली घे," काका म्हणाले. मी घेतलं. "आता मनगट धर." मी धरलं. मग त्यांचं बोलणं बंद झालं.

त्यांनी माझ्या हातावर थोपटलं. मी सोडलं नाही.

"हौसे, सोड!" बाळाराम ओरडला. "थोपटलं त्यांनी!"

मी आणखी आवळलं. काकांचा हात ओट्यावर चाचपडला, झावळ्यांतून फिरला आणि त्याला कोयता लागला. कोयता वर आला, माझ्या कानाच्या बाजूला. मी भिऊन हात सोडले आणि मागे झाले.

काका खोकत वळले. डोळ्यांत पाणी, तोंड लाल. कोयता अजून हातात. आम्ही तिघांनीही त्याच्याकडे बघितलं.

"गळा माझ्या ताब्यात व्हता, काका," मी म्हटलं. मला धाप लागली होती. "न्हाय सोडला, तरी हात तुमचे मोकळेच व्हते. त्या वज्रेश्वरीच्या गुंडाला हात नव्हते काय?"

काकांनी कोयता खाली ठेवला. मला वाटलं, आता म्हणतील, माझं चुकलं. देवाशपथ सांगते, ते म्हणाले असते तर मी तिथेच त्यांचे पाय धरले असते आणि सासऱ्याचा गळा धरला म्हणून गावाने हाकललं असतं तरी गेले असते.

काकांनी गळा चोळला, खांद्यावरचा टॉवेल झटकला आणि उठले.

"सूनबाईची पकड चांगली हाय," ते बाळारामला म्हणाले. "तुला येवढी जमली असती, तर हात वाचला असता."

ते गेले. मी कोयता उचलून घरात नेला. खुंटीला अडकवला. बाहेर बाळाराम तसाच बसून होता. त्याने सगळं पाहिलं होतं, थोपटणं पाहिलं होतं, कोयता पाहिला होता. आता तरी तो खांब सोडील, असं मला वाटलं.

मी बाहेर आले तेव्हा त्याचा डावा हात पुन्हा खांबाभोवती होता.

"हौसे," त्याने विचारलं, "कोपर नक्की कुठं ठेवलं व्हतंस?"