फानूर बेटाचा खडा

वेंडेलिननं बूट काढले, दोन्हींच्या नाड्या एकत्र बांधून ते गळ्यात अडकवले आणि गलबताच्या होडीतून पाण्यात पाय टाकला. एकसष्टावं वर्ष चालू. पाय पडला तो नेमका खड्ड्यात. गडी कमरेपर्यंत भिजला. पण उजवा हात त्यानं डोक्यावर ताठ धरला होता, आणि त्या हातात मेणकापडात गुंडाळलेली कागदांची सुरळी होती.

किनाऱ्यावर बायकांचा हशा पिकला.

"अगं बाई, काका अजून तस्सेच!" लेसापू ओरडली. "मागच्या खेपेलाही आधी पडले आणि मग बोलले!"

मागची खेप म्हणजे पंचवीस वर्षांपूर्वीची. तेव्हा लेसापू सात वर्षांची होती. जर्मनीहून आलेला हा भूगोलाचा माणूस तेव्हा चौदा महिने सातोल बेटावर तिच्या बापाच्या घरी राहिला. बाप, यालुमाय, हा सातोलचा सगळ्यात मोठा वाटाड्या; ताऱ्यांवरून होडी नेणारा. त्यानं वेंडेलिनला भाऊ मानलं, म्हणून पोरीचा तो काका झाला. त्यानंतर वेंडेलिन उभा प्रशांत महासागर पालथा घालत फिरला, शंभरावर बेटं त्यानं कागदावर उतरवली. पण काका म्हणणारं माणूस त्याला दुसरीकडे कुठे भेटलं नाही.

यालुमाय होड्यांच्या शाकारलेल्या छपराबाहेर नीरफणसाच्या सावलीत चटईवर बसला होता. नजर अधू झालेली, पण पावलांचा आवाज ओळखला.

"ये रे वेंडे. म्हातारा झालास की. पाय घासत चालतोस."

"तू कुठे तरणा राहिलायस?"

"मी बसून असतो. बसलेल्या माणसाचं वय दिसत नाही."

लेसापूनं माडीची करवंटी दोघांच्या मध्ये ठेवली. वेंडेलिननं घोट घेतला, पण सुरळी मांडीवरून खाली ठेवली नाही. खोबरं भरायला आलेलं गलबत संध्याकाळच्या भरतीला निघणार होतं, आणि त्याच गलबतावरून कागद परत जायला हवा होता.

कागदावर एकच वाक्य होतं. त्याच्या प्रकाशकांनी तिकडूनच लिहून पाठवलेलं: 'फानूर हे बेट सातोलच्या यालुमाय नावाच्या इसमानं खोटी माहिती दिल्यामुळे नकाशात आलं.' खाली यालुमायच्या अंगठ्यासाठी जागा. अंगठा आला, की वेंडेलिनचा नकाशासंग्रह, जन्माची कमाई, छापायला जाणार. चूक त्याची स्वतःची ठरली, तर बाकीच्या बेटांवर तरी कोण विश्वास ठेवणार, असं प्रकाशकांचं म्हणणं. मग सगळं बाड कपाटात. आणि खरं सांगायचं, तर म्हाताऱ्यानं आपल्याला फसवलं असंच गेली तीन वर्षं वेंडेलिनलाही वाटत होतं. मनातून तो खट्टू होऊन आला होता.

"यालुमाय, फानूर कुठे आहे?"

"आहे तिथेच आहे. कुठे जाणार?"

"तीन वर्षांपूर्वी एक इंग्रज कप्तान तिथे दोनदा जाऊन आला. नुसतं पाणी आहे तिथे."

"मग पाणीच असणार!" म्हातारा खो खो हसला. "तिथे जायचं नसतंच मुळी. लेसापू, खडे आण गं."

लेसापूनं पोवळ्याच्या खड्यांची करंडी आणली. यालुमायनं चाचपून चाचपून चटईवर गोल मांडला. एकेक खडा म्हणजे एकेक तारा उगवायची नाहीतर मावळायची जागा. मधोमध माडाच्या हिराचा तुकडा ठेवला. ती होडी. होडीच्या पुढे एक खडा, मागे एक खडा. हाच मांड वेंडेलिननं पंचवीस वर्षांपूर्वी वहीत उतरवून घेतला होता, अंतरासकट, आणि त्यावरूनच आपला पहिला नकाशा छापला होता.

"मागे सातोल, पुढे लामोर," यालुमाय म्हणाला. "होडी हलत नाही. बेटं हलतात."

"होडी हलत नाही?"

"तू होडीत बसलायस. मांडी हलते का तुझी? सातोल मागे सरकतं, लामोर जवळ येतं. पण किती सरकलं ते कळायला बाजूला एक बेट धरावं लागतं." त्यानं कडेला आणखी एक खडा ठेवला. "हे फानूर. निघताना श्रवणाच्या ताऱ्याखाली असतं. मग पुढच्या ताऱ्याखाली जातं, मग त्याच्या पुढच्या. तेवढी वाट झाली. बाजूला खरं बेट असलं तर उत्तम. नसलं तर आपण मनात धरायचं. तुला एवढंही कळलं नव्हतं होय रे?"

 वेंडेलिन हळूच म्हणाला,

"मी विचारलंच नाही."

"तू कसला विचारतोस! खडा ठेवला की लगेच पट्टी लावायचास."

लेसापूनं भाजलेला नीरफणस फोडून केळीच्या पानावर ठेवला, गरम वाफांसकट.

"घ्या काका. हा तुमचाच. दर बहराचा पहिला फणस बेटाच्या प्रमुखाचा आणि दुसरा तुमचा. वीस वर्षं झाली. तुम्ही नसता, म्हणून तुमचा वाटा बाबाच हाणतात."

"माझा? तो का?"

बापलेक एकमेकांकडे बघायला लागले.

"तुम्हाला कुणी सांगितलंच नाही?" लेसापू पानापाशी खालीच बसली. "मी बारा वर्षांची होते. आई, मी आणि मामा लामोरला निघालो होतो. वादळात डोलकाठी मोडली. एकोणीस दिवस वाहत होतो काका. शेवटी शेवटी आई मला नुसती थोपटत होती. आणि एक आगबोट आली. त्या मुलखात कधी बोट जात नाही! बोटीवरचे लोक कागद उलटापालटा करून बेट शोधत होते, पाणी भरून घ्यायला. बेट कुठलं सापडायला? आम्ही सापडलो."

तिनं डोळे पुसले आणि लगेच हसलीही.

"कप्तानानं कागदाच्या कोपऱ्यातलं नाव वाचून दाखवलं. तुमचं. मी म्हटलं, हे तर आमचे काका!"

वेंडेलिनच्या हातातला फणसाचा तुकडा हातातच राहिला. तीन वर्षं ज्या ठिपक्याची लाज वाटत होती, तो ठिपका समोर बसून त्याला जेव म्हणत होता. देवा, बरं झालं, त्याला वाटलं, बरं झालं मी चुकलो.

समुद्रावरून गलबताचा भोंगा वाजला.

"काहीतरी कागद आणलायस ना?" यालुमाय म्हणाला. "मघापासून मांडीवर दाबून बसलायस."

"तुझा अंगठा हवा होता."

"मग दे की. कुठे लावू?" म्हाताऱ्यानं लगेच अंगठा पुढे केला.

"काय लिहिलंय ते विचारत नाहीस?"

"पोर परत दिलीस मला. आता तुला काय विचारायचं?"

तो सुरकुतलेला अंगठा हवेत तसाच थांबला होता. वेंडेलिननं दोन्ही हातांनी तो धरला, कपाळाला लावला आणि सावकाश म्हाताऱ्याच्या मांडीवर परत ठेवला. मग शाईची दौत उघडली. सुरळीतल्या नकाशावरचा फानूरचा ठिपका खोडला. उद्या पाण्याच्या आशेनं कुणी तिथे जायला नको. प्रकाशकांचं वाक्यही खोडलं. खाली लिहिलं: 'यालुमायनं खरं तेच सांगितलं. समजून घेण्यात मी चुकलो.' त्याखाली सही केली. सहीनं समाधान होईना, म्हणून स्वतःचा अंगठा शाईत बुडवून तोही उमटवला.

"काका, तुम्हाला लिहिता येतं ना?" लेसापूनं विचारलं. "मग अंगठा कशाला?"

"असू दे," वेंडेलिन म्हणाला.

त्यानं सुरळी गलबताच्या होडीवाल्याकडे दिली. आपली पेटी मात्र त्याच होडीतून उतरवून घेतली आणि परत येऊन चटईवर बसला. यालुमाय खडे गोळा करत होता. फानूरचा खडा त्यानं हातात घेतला, क्षणभर चाचपला आणि बाकीच्यांबरोबर करंडीत टाकला.

"उद्या पुन्हा मांडू," तो म्हणाला. "आता विचारत जा."

वेंडेलिन शाईच्या अंगठ्यानंच फणस खायला लागला.