ओब्रादच्या फिचाचं इंजिन

ओब्रादला जाऊन सहा महिने झाले. त्या शनिवारी थडग्यावर मेणबत्त्या लागल्या, गोड गहू चमचा-चमचा वाटून झाला, राकियाची पहिली फेरी सगळ्यांच्या घशाखाली उतरली, आणि मग त्याच्या बायकोनं, स्तामेंकानं, हवापाण्याच्या गप्पा माराव्यात तसं सांगितलं की ती फिचाचं इंजिन बदलणार आहे. दुसरा नवरा करते म्हणाली असती तर आरिल्येच्या जुन्या मोटारींच्या मंडळानं ते पचवलं असतं. दोघातिघांनी मिशीला पीळही दिला असता. पण इंजिन म्हणजे जरा अतीच झालं.

"वहिनी," मंडळाचा अध्यक्ष देसिमीर खालच्या आवाजात म्हणाला, "निदान त्याच्यासमोर तरी असं बोलू नका."

"त्याला ऐकू येत नाही, भाऊजी. जिवंत होता तेव्हाही येत नव्हतं."

फिचा म्हणजे कपाटाला चाकं लावावीत एवढी गाडी, इंजिन मागच्या बाजूला. ओब्रादची बहात्तर सालची. लाकूड कारखान्यातून निवृत्त झाल्यावर त्यानं तिला देव्हाऱ्यात बसवायचंच बाकी ठेवलं होतं. मोटारींच्या कारखान्यातून निघाली तेव्हा जो स्क्रू होता तोच स्क्रू, जो रंग तोच रंग. मंडळात तो उभा राहिला की हमखास सांगायचा, "दुसऱ्याचं काळीज घालून जगण्यापेक्षा आपल्या काळजानं मरावं." टाळ्या पडायच्या. त्या काळजाच्या फटी दात घासायच्या ब्रशनं साफ करायचं काम मात्र स्तामेंकाकडे होतं.

दर जुलैत दोघं समुद्रावर जायला निघायची. आणि दर जुलैत फिचा उकळायची. कधी झ्लातिबोरच्या चढावर, कधी नोवा वारोशला. नशीब फारच जोरावर असेल तर प्रियेपोल्येपर्यंत मजल जायची. मग इंजिनाचं झाकण उघडं टाकून ओब्राद शिट्टी वाजवत बसायचा, आणि स्तामेंका बाटली घेऊन पाणी शोधत फिरायची. त्या रस्त्यावरच्या प्रत्येक नळाशी तिची ओळख होती. बसनं जाऊ म्हटलं की तो म्हणायचा, "बसनं गेलो तर गाडीचा अपमान होतो." चौतीस उन्हाळे असे गेले. प्रियेपोल्येच्या पुढचा रस्ता तिनं नकाशातच पाहिला होता, आणि आता तिला सदुसष्टावं लागलं होतं.

ठरल्याप्रमाणे सोमवारी तिनं गाडी वुकोमानच्या गॅरेजात दिली. अपघातात मागून चेपलेल्या एका छोट्या जपानी गाडीचं इंजिन त्यानं धुऊनपुसून तयार ठेवलं होतं. देसिमीरही आला, ढकलगाडी आणि लाल मखमलीचं कापड घेऊन. जुनं इंजिन मंडळाच्या खानावळीत काचेच्या पेटीत ठेवायचं, असा ठराव त्यानं एकट्यानंच करून एकट्यानंच मंजूर केला होता.

इंजिन बाहेर आलं. वुकोमाननं एका जागी चिंधी फिरवली, तिथला आकडा वाचला, गाडीचा कागद पाहिला, आणि पुन्हा चिंधी फिरवली.

"काकू, हे ह्या गाडीचं नाही."

"म्हणजे?"

"ह्याच्याहून मोठ्या गाडीचं आहे. साडेआठशे सीसीचं. दिसायला सख्खा भाऊ, म्हणून कुणाच्या लक्षात आलं नाही. ऐंशी-ब्याऐंशीच्या सुमारास बसवलेलं दिसतंय."

देसिमीरनं चष्मा काढला, पुसला, लावला. कोर्टात सदतीस वर्षं कारकुनी केलेला माणूस. आकड्याला खोटं म्हणणं त्याला जमेना. तो मखमलीच्या घड्या घालत बसला.

स्तामेंकाला आधी हसू फुटलं. इतकं की ती एका टायरवर जाऊन बसली. "लोकांचे नवरे उझित्सेला बाई ठेवतात," ती डोळे पुसत म्हणाली, "माझ्यानं साडेआठशे ठेवलं होतं."

"आणि त्यापायीच तर उकळत होती," वुकोमान आपल्याच नादात म्हणाला. "इंजिन मोठं घातलं, रेडिएटर मात्र जुना, छोटाच ठेवला. तो बदलला असता तर झाकण उघडताच कळलं असतं ना सगळ्यांना."

स्तामेंकाचं हसू तिथंच थांबलं. चौतीस उन्हाळे तिनं बाटल्या भरल्या होत्या.

त्या दुपारी ती एकटीच दफनभूमीत गेली. फुलं नेली नाहीत, मेणबत्ती तर नाहीच. थडग्याच्या कडेला बसून तिनं ओब्रादला असं काही ऐकवलं की शेजारच्या थडग्यावर गवत काढणारी बाई खुरपं टाकून निघून गेली. "मला सांगितलं असतंस तर मी काय चव्हाट्यावर ओरडले असते का?" ती म्हणाली. "मोठा रेडिएटर घालून, झाकण बंद ठेवून गेलो असतो समुद्रावर. तिथं कोण येणार होतं नंबर वाचायला?" एवढं बोलून ती थोडी रडली, आणि रडू आलं म्हणून आणखी चिडली.

मंडळाची सभा पुढच्या रविवारी होती. विषय एकच, स्तामेंकाच्या गाडीला मंडळातून काढणे. ओब्रादच्या इंजिनाबद्दल देसिमीरनं तोंडातून अवाक्षर काढलं नव्हतं. खानावळीच्या अंगणात अकरा फिचा ओळीनं उभ्या होत्या. ठरावाला हात वर होणार तोच स्तामेंका टॉर्च आणि वाचायचा चष्मा घेऊन उभी राहिली, आणि तिनं साडेआठशेची सगळी कहाणी सांगून टाकली.

"आता मला काढायचं तर काढा," ती म्हणाली. "पण आधी प्रत्येकानं आपापला कागद काढायचा. शेजाऱ्याच्या इंजिनाचा नंबर शेजाऱ्यानं वाचायचा."

एकाला औषधाची वेळ आठवली, दुसऱ्याला कोंबड्या. शेवटी पाद्रीबुवा गावरिलोंनी घसा खाकरला. लोकांची पापं ऐकून ऐकून त्यांना निदान सुरुवात कशी करायची हे ठाऊक होतं.

"माझं यूगो गाडीचं आहे," ते म्हणाले. "सत्त्याण्णवपासून. त्यातही उपासाच्या दिवसांत बसवलं, ते चुकलंच."

मग धरण फुटलं. कुणाचा गिअरबॉक्स परका, कुणाचे ब्रेक, एकाचं तर फक्त छप्पर मूळचं. अस्सल म्हणावी अशी एकच गाडी निघाली, म्हाताऱ्या तिहोमीरची. ती अठ्ठ्याण्णवपासून चाललीच नव्हती, आजही दोन पुतण्यांनी ढकलत आणली होती.

"माझा नंबर जुळतो," देसिमीर ताठ मानेनं म्हणाला. खरंच जुळत होता.

"जुळेलच," त्याची बायको ल्युबिंका कबाब संपवता संपवता म्हणाली. "आकडे ठोकायचे ठसे अजून माझ्या पिठाच्या डब्यामागे आहेत."

देसिमीरनं आपला कागद घडी घालून खिशात टाकला. ठराव कुणी मांडलाच नव्हता असं सगळ्यांनी एकमतानं ठरवलं. ल्युबिंकानं हात पुसले आणि स्तामेंकाला विचारलं, "समुद्रावर कधी निघतेस? दुसऱ्या सीटवर कोणी आहे?"

दोघी गुरुवारी सकाळी निघाल्या. देसिमीर रविवारपासून बायकोशी बोलत नव्हता. लग्न झाल्यापासून एवढे सुखाचे दिवस गेले नाहीत, असं ल्युबिंका पोझेगा येईपर्यंत सांगत होती. झ्लातिबोरचा चढ फिचानं जिन्यावरून मांजर जावं तसा पार केला. नोवा वारोश गेलं. प्रियेपोल्ये गेलं. त्यानंतरच्या पहिल्या वळणावर स्तामेंकानं वेग कमी केला. ह्या रस्त्यावरचा एकही नळ तिला ठाऊक नव्हता.

"काय गं, काही बिघडलं का?" ल्युबिंकानं विचारलं.

"नाही. मोठं इंजिन त्यानं कशासाठी घातलं असेल, ते आत्ता कळलं. त्यालाही इथवर यायचं होतं. मग त्या काळजाच्या भाषणाला टाळ्या पडायला लागल्या, आणि तोंड अडकलं मेल्याचं."

"पुरुष टाळ्यांनी वाया जातात," ल्युबिंका म्हणाली आणि उकडलेलं अंडं सोलून तिच्या हातात दिलं.

संध्याकाळी पाचला पेत्रोवात्स आलं. दोघी चपला हातात घेऊन गुडघ्याइतक्या पाण्यात उभ्या राहिल्या. पाणी गार होतं, आणि ल्युबिंकाच्या मते वाजवीपेक्षा जास्त खारट. रात्री तळलेली छोटी मासळी खाल्ली. तीन दिवसांसाठी खोली घेतली होती. दुसऱ्या दिवशी ल्युबिंका म्हणाली, "मला गाडी शिकव. बत्तीस वर्षं शेजारी बसून नुसते डोळे मिटत आलेय."

खोलीमागच्या मोकळ्या जागेत शिकवणी सुरू झाली. पहिल्याच दिवशी तिनं मालकिणीची कण्हेरीची कुंडी उडवली, दुसऱ्या दिवशी कपड्यांची दोरी. तिसऱ्या दिवशी काहीच उडवलं नाही, तेव्हा मालकिणीनं स्वतः येऊन कॉफी दिली. मुक्काम आणखी चार दिवसांनी वाढला. देसिमीरचा फोन आला तेव्हा ल्युबिंका दुसऱ्या गिअरमध्ये होती. फोन स्तामेंकानं घेतला.

"ती कुठं आहे?" त्यानं विचारलं.

"गोल गोल फिरतेय, भाऊजी. थांबवायचं कसं ते उद्या शिकवणार आहे."