आमाचा मुहूर्त

माणसानं शेवटचा श्वास आपल्या घरात सोडावा, म्हणून आमाला, म्हणजे घरातल्या आजीला, दवाखान्यातून घरी आणलं होतं. तो श्वास तसा तिचा नव्हताच. घशातल्या नळीला रबरी पिशवी जोडली होती. ती दाबली की छाती वर यायची. रुग्णवाहिकेत तिथला माणूस ती दाबत होता. घरी मधल्या खोलीत आमाला फळ्यांवर निजवलं, देवांना मरण दिसू नये म्हणून देव्हारा लाल कागदानं झाकला, आणि त्यानं पिशवी वार्तिनीच्या हाती दिली.

"नळी मी काढतो," तो म्हणाला. "पण हात घरच्यांनी थांबवायचा. ते पाप रोज रोज मी डोक्यावर घेत नाही."

वार्तिनी इंडोनेशियातल्या जावा बेटावरची. आमाची शुश्रूषा करायला ती तैवानात आली, त्याला नऊ वर्षं झाली होती. घरात सगळे तिला 'नी' म्हणायचे. बाजारात कुणी विचारलंच, तर आमा सांगायची, "ही माझी धाकटी. हिला उन्हात विसरले, म्हणून काळवंडली." मासेवाल्या हसायच्या आणि टोपलीत एक मासा जास्तीचा टाकायच्या.

ज्योतिष्यानं श्वास थांबवायचा मुहूर्त दुपारी तीन दहाचा दिला होता. टळला तर नातवंडांना बाधेल, असं त्यानं आमाच्या मुलाला, वेन-पिनला, बजावलं होतं. मुलगी शू-फन तैपेहून निघाली होती. गाडीतून तिनं वार्तिनीला फोन केला. "नी, मी येईपर्यंत आईला सोडू नकोस. दादाचं ऐकू नकोस. तुझ्याशिवाय माझं तिथं कोण आहे?"

"नाही सोडत, ताई."

तीन वाजता शेजारची मुई काकू दारात येऊन टेकली. "मुलगा उभा, सून उभी, आणि श्वास पुरवतेय जावाची पोर. छान!"

"काकू, आज तरी तोंड आवरा," सून म्हणाली.

तीन दहा झाले. वेन-पिन पुढे आला, त्यानं हात लांबवला, मागे घेतला. बायकोकडे पाहिलं. ती लाल कागदाकडे बघू लागली.

"नी," तो हळू आवाजात म्हणाला, "तू घरचीच आहेस. आई तुला मुलगीच म्हणायची. तूच थांबव."

"मुलगी ना? मग माझी थोरली बहीण यायचीय. तिच्यासाठी थांबू या."

"बहीण कुणाची? कामाला ठेवलीय तुला, कामाला!"

"आत्ताच तर मुलगी होते, दादा."

मुई काकूनं तोंडावर हात धरला. वेन-पिनचे कान लाल झाले. वार्तिनीचा हात ओढून काढला असता, तर थांबवणारा तोच ठरला असता. तो जागचा हलला नाही.

शू-फन आली तेव्हा तीन सव्वीस झाले होते. उशिरा आलेल्या लेकीनं रीतीप्रमाणे यावं तशी ती उंबऱ्यापासून रांगत, आक्रोश करत आली आणि तिनं आईच्या पावलांवर कपाळ टेकलं. मग तिची नजर घड्याळाकडे गेली.

"मुहूर्त कितीचा होता?"

"तीन दहाचा. हिला विचार," वेन-पिन म्हणाला.

नातवंडांत शू-फनची लेकही होती. "नी, हे काय केलंस?"

"तुम्हीच म्हणालात, ताई, की—"

"मी रडत होते गं. रडणाऱ्याचं बोलणं कुणी धरतं का?"

वार्तिनीच्या अंगठ्याला मुंग्या आल्या होत्या. पिशवी फुगत होती, बसत होती. "मग आता काय करू?" तिनं विचारलं. तिघांकडे पाळीपाळीनं पाहिलं. ती आमाच्या कानाशी वाकली, "आमा, ताई आली," म्हणाली आणि तिनं हात काढला. छाती पुन्हा वर आली नाही. रुग्णवाहिकेच्या माणसानं नळी काढली आणि वेळ लिहून घेतली.

"यापुढे या घरात जे काही होईल, ते हिच्या हातचं," वेन-पिन म्हणाला.

शू-फननं ते ऐकलं. ती आईची कॉलर सारखी करत राहिली.

वार्तिनी उठली. आमाला पुसायला रोजच्यासारखं कोमट पाणी केलं, घमेलं आणि पंचा घेऊन आली. शू-फननं दारातच घमेलं तिच्या हातातून घेतलं.

"हे आता घरच्यांनी करायचं असतं, नी."

पंचा वार्तिनीच्या हातातच राहिला. "डावा हात मागे ओढू नका, ताई. तिचा खांदा दुखतो."

शू-फननं मान हलवली, पंचाही घेतला आणि दार लावलं.