मोकचा उजवा हात

येप सुनने तांदळाच्या दारूत भिजवलेले फडके पिळले, शेवटची बरगडी पुसली आणि पोत्यावर मांडली. पायांपासून सुरुवात करून तो वर सरकत आला होता. पाइनच्या सावलीत मोक नावाचा एक मेलेला माणूस हळूहळू पुन्हा आकार घेत होता. उजव्या मनगटाशी मात्र त्याची बोटे थांबली.

"काका, पंजा कुठंय याचा?"

खड्ड्याच्या काठावर म्हातारा लेई ग्वोंग उकिडवा बसला होता. त्याने खालच्या बोगद्याकडे हनुवटी उचलली.

"आत? सुरुंगात?"

"बार उशिरा उडाला. पुढच्या पाळीला सावध करायला हा परत आत गेला होता."

येपने फडके खांद्यावर टाकले. समुद्रापलीकडच्या सान्निंग मुलखाच्या मंडळाने परदेशात मेलेल्यांची हाडे गोळा करायला धाडलेला माणूस तो. आजवर कितीतरी जणांना त्याने जहाजावर चढवून गावी पोचवले होते. त्याचा आवाज कोरडा होता, पण कठोर नव्हता.

"अपुरा माणूस नेता येत नाही, काका. जीव दोन्हीकडे ओढला जातो. पुन्हा बुजवू या."

"मी ह्याच्यासाठी इथं राहिलो," लेई म्हणाला. "सगळे गेले. मी लोहमार्गाचा दगडधोंडा सारत बसलो, तो एवढ्यासाठीच."

"घण तुमचा होता ना? लोक म्हणतात, घणकऱ्यानं कधी ना कधी जोडीदाराची बोटं ठेचलेली असतातच."

म्हातारा ताडकन उठला. "कोण म्हणतं? आण त्याला इथं! सबंध हिवाळा बर्फाखालच्या अंधारात हा पहार धरून बसायचा आणि मी घण घालायचो. ह्याच्या नखालासुद्धा कधी लागला नाही. हात नेला तो डोंगरानं. मी नाही."

थडगे उकरण्याआधी येपने उशाला ठेवलेला बोगद्यातला एक दगड बाजूला भिरकावला होता. लेईने तो वाकून उचलला, बाहीने पुसला. दगडाच्या एका अंगाला पहारीची अर्धगोल खोबण होती, घासलेल्या वाटीसारखी गुळगुळीत.

"बोट फिरव."

येपने फिरवले.

"घणानं भोक नुसतं खोल जातं. गोल होतं ते हातानं. माझ्या प्रत्येक घावानंतर हा पहार जराशी वळवायचा. न वळवली तर ती अडकते, सगळं काम ठप्प. हे गोल आहे ना, ते ह्याचं."

तेवढ्यात खाली शिट्टी झाली. गाडी बोगद्यात शिरली आणि पायांखालची जमीन थरथरू लागली. पोत्यावरची हाडे किंचित हलली. लेई ताठ उभा होता, कुणी आपल्याच घरातून मिरवत चालले असावे तशा नजरेने धुराकडे पाहत. शेवटचा डबा पलीकडे निघून गेला.

मग येपने दारूची बाटली उघडली. दगड दारूने धुतला. खोबणीत साचलेली माती त्याने नखाने सावकाश काढली, लाल कापडाने टिपली, आणि दगड मनगटाच्या हाडापुढे ठेवला. खोबण वर होती.

"अशी?" त्याने विचारले.

लेईने रिकाम्या हवेत पहार धरावी तशी मूठ वळली आणि ती छातीकडे घेतली. मग मनगट जरासे आत वळवले, घावानंतर मोक पहार वळवायचा तसे.

येपने दगड हलकेच आतल्या बाजूला वळवला आणि जहाजावर न्यायच्या हाडांच्या पेटीकडे हात नेला.